इव्हॅपोरेटेड मिल्कचे डबे घरात आलेत, काय काय करता येईल?

ताकातली_भाकरी

नणंद मस्कतहून येताना इव्हॅपोरेटेड मिल्कचे डबे घेऊन आली. तिच्याकडे रोजचा चहा त्याचाच होतो, म्हणून तिला वाटलं आपल्यालाही लागेल. आता घरात दोन पक्ष आहेत. सासूबाईंचं म्हणणं, हे मिल्कमेडच (म्हणजे कन्डेन्स्ड मिल्क) आहे, साखर घालायची राहिली आहे. नवऱ्याचं म्हणणं, पाणी घातलं की साधं दूध, त्यात एवढं काय.

मी एक डबा उघडून चमच्यावर घेऊन पाहिलं. रंग हस्तिदंती. दाटपणा रात्री तापवून फ्रिजमध्ये ठेवलेल्या म्हशीच्या दुधाइतका, सकाळी ओतताना असतो तेवढाच. गोड नाही, पण मागे एक खरपूस चव रेंगाळते. डब्यावर रेसिपी आहेत त्या सगळ्या पुडिंगच्या. मिल्कमेडच्या जागी वापरता येईल का? बासुंदी झटपट होते असं ऐकलंय, ते खरं का? आणि उघडलेला डबा किती दिवस टिकतो?

माझ्या बुद्धीचा दोष समजा. आधी कुणी धागा काढला असेल तर लिंक द्या.

घाटमाथा

डब्यातलं दूध! पुण्यात राहून! चितळ्यांकडे रांगा कशाला लागतात मग?

ताकातली_भाकरी

काका, रांगेत तुम्ही उभे राहता का? आलेत डबे, टाकून देऊ का आता?

निवृत्त_डेअरीवाला

नोकरी दुधातच गेली, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबण लागेल.

सासूबाई आणि नवरा, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. दुधातलं साधारण ६० टक्के पाणी काढलं की जे उरतं ते इव्हॅपोरेटेड मिल्क. कन्डेन्स्ड मिल्कही तसंच आटवलेलं, पण त्यात साखर इतकी घालतात की डब्याच्या वजनातली ४० ते ४५ टक्के घातलेली साखरच असते. त्या साखरेत जंतू वाढत नाहीत, त्यामुळे कन्डेन्स्ड मिल्क डब्यात भरल्यावर उकळावं लागत नाही. मुरांब्याचं जे तत्त्व तेच. इव्हॅपोरेटेडमध्ये साखर नाही, म्हणजे राखणदार कोणी नाही. म्हणून ते डब्यात भरून, डबा सील करून, मग सगळा डबाच वाफेवर ११५ ते ११८ अंशांना पंधरा-वीस मिनिटं शिजवतात. प्रेशर कुकरच्या आतलं तापमान साधारण तेवढंच असतं.

तुम्हाला जो रंग दिसला आणि जी खरपूस चव लागली ती या शेवटच्या पायरीतली. दूध आटवताना रंग येत नाही, कारण कारखान्यात ते निर्वात भांड्यात आटवतात. तिथे ५०-६० अंशांनाच पाणी उकळून जातं. डब्यात शिजताना मात्र दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळतात आणि तपकिरी छटा येते. पाव भाजताना वरचा पापुद्रा लाल होतो, ती क्रिया हीच.

आता तुमच्या प्रश्नांकडे. मिल्कमेडच्या जागी जसंच्या तसं चालणार नाही. मिल्कमेडचा चिकटपणा साखरेच्या पाकाचा आहे. नारळाच्या वड्या, बिनअंड्याचा केक यांत त्या चिकटपणावरच काम चालतं. तिथे हे घातलंत तर सगळं पातळ होईल. उलट नवरोबांचं म्हणणं बऱ्यापैकी जमतं. जेवढं दूध तेवढंच पाणी घाला, साध्या दुधाच्या जवळ येतं. चव मात्र शिजलेल्या दुधाचीच राहते. थेट पेल्यातून प्यायला आपल्याकडच्या कोणाला आवडेल असं वाटत नाही.

उघडल्यावर काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये, तीन ते पाच दिवस. डब्यातच ठेवू नका.

जर्सीकर

आले का डबे पुण्यापर्यंत! न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा ते जेवण) या डब्यांची बासुंदी असते. पहिल्यांदा अमेरिकेत आलेल्या प्रत्येकाला कोणीतरी ही बासुंदी शिकवतंच. रिकोटा चीजची रसमलाई आणि ग्रीक योगर्टचं श्रीखंड, याच शाळेतले धडे.

माझं प्रमाण असं. इव्हॅपोरेटेडचे दोन डबे (इथला डबा १२ औंसाचा, म्हणजे ३५४ मिली), होल मिल्क दोन कप, आणि कन्डेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा. रुंद, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर वीसेक मिनिटं, मधूनमधून हलवत. केशर आधी गरम दुधात भिजवून. वेलची-जायफळ गॅस बंद केल्यावर. जायफळ जरा हात सैल सोडून घाला, डब्याचा वास त्यानेच झाकतो. चारोळी. फ्रिजमध्ये रात्रभर. गरम असताना पातळ वाटते, घाबरून आणखी आटवू नका, गार झाल्यावर दाटते.

थँक्सगिव्हिंगच्या आसपास इथे पंपकिन पायसाठी लोक डब्यांवर तुटून पडतात आणि दुकानं सेल लावतात. आम्ही तेव्हाच भरून ठेवतो.

कृष्णाकाठ

माझं आजोळ कुरुंदवाड. त्यामुळे या पाककृतीला बासुंदी म्हणायला जीभ वळत नाही, माफ करा. 🙏

बासुंदीत साय लागते. कढईच्या कडेला धरलेली साय उलथन्याने खरवडून परत दुधात सोडायची, पुन्हा धरू द्यायची, पुन्हा सोडायची. खाताना ते मऊ तुकडे जिभेवर यायला हवेत. नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन झाल्यावर वाटीत जी मिळते ती आठवा. साखरही अगदी शेवटी, कारण साखर पडली की दूध पुन्हा सैल होतं. वरच्या पाककृतीत जे होतं ते गोड, दाट, गुळगुळीत दूध. चांगलं लागत असेल, नाही म्हणत नाही.

जर्सीकर

कृष्णाकाठ, तक्रार शंभर टक्के मान्य. साय धरतच नाही हो! ढवळायचं थांबवून बघितलं, आच कमी-जास्त करून बघितली. वर एक पातळ पापुद्रा येतो आणि चमचा लागला की विरघळतो. हे का होतं, डेअरीवाले सांगतील का?

निवृत्त_डेअरीवाला

कारण त्यातलं लोणी फोडून टाकलेलं असतं.

कच्च्या दुधातले स्निग्धाचे कण मोठे असतात. ते हलके म्हणून वर येतात आणि दूध तापलं की वरच्या प्रथिनांच्या पडद्यात अडकून जाड साय धरते. म्हशीच्या दुधात स्निग्ध जास्त आणि कण मोठे, म्हणून तिची साय भाकरीसारखी उचलता येते. इव्हॅपोरेटेड मिल्क महिनोन्‌महिने डब्यात उभं राहणार. त्यात कण वर आले तर वर लोण्याचा गोळा आणि खाली निळसर पाणी अशी गत होईल. म्हणून ते होमोजिनाइज करतात, म्हणजे प्रचंड दाबाने बारीक फटीतून दाबून काढतात. कण इतके लहान होतात की वर येण्याची त्यांची ताकदच जाते. हे यंत्र गॉलिन नावाच्या फ्रेंच माणसाचं, पेटंट १८९९ चं.

तुमच्याकडचं होल मिल्कही होमोजिनाइज केलेलंच असतं. म्हणजे जर्सीकरांच्या भांड्यात साय धरू शकेल असं काहीच नाही.

उपाय आहे. तिकडे काही दुकानांत होमोजिनाइज न केलेलं दूध काचेच्या बाटलीत मिळतं, बाटलीच्या गळ्याशी मलईचं बूच बसलेलं असतं. ते दोन कप वेगळ्या पसरट भांड्यात मंद आचेवर ठेवा, न ढवळता. साय धरली की काढून ठेवा, पुन्हा धरू द्या. ती साय तयार बासुंदीत शेवटी हलक्या हाताने सोडा. डबा आटवण्याचा वेळ वाचवेल, साय मात्र त्याच्याकडून मागू नका.

कृष्णाकाठ

हे पटलं. साय वेगळी धरून घातली तर मी वाटी पुढे करीन.

खोर्फक्कान_एक्स्प्रेस

शारजातून. इथे हे दूध म्हणजे चहा, दुसरं काही नाही. रस्त्याकडेच्या मल्याळी कॅफेटेरियात गाडी थांबवून हॉर्न मारला की पोऱ्या कागदी कपात 'कडक' आणून देतो. इमाराती, पठाण, आपण सगळे तोच पितो. आणि हो, अरबही त्याला 'करक'च म्हणतात, शब्द आपल्याकडचाच गेलाय.

कृती: दोन कप पाण्यात दोन चमचे चहाची भुकटी (पत्ती नको, डस्टच), ठेचलेली वेलची, साखर. चांगलं काळंभोर होईतो उकळू द्या. मग अर्धा कप इव्हॅपोरेटेड मिल्क. पुन्हा वर येऊ द्या, आच कमी करा, परत वर येऊ द्या. असं तीन-चारदा. रंग विटकरी आला पाहिजे. साध्या दुधाचा चहा एवढा उकळला तर त्याला जो उग्र वास येतो तो याला येत नाही. मुळात दूधच शिजलेलं आहे, आणखी काय शिजणार.

डबा उघडायची इथली पद्धत: वरच्या पत्र्याला समोरासमोर दोन भोकं पाडायची. एकातून दूध, दुसऱ्यातून हवा. एकच भोक पाडलंत तर गुळ्ळगुळ्ळ करत ओट्यावर सांडेल.

पाचवीची_बाई

माझा चहा आलं घातलं की हमखास फाटतो, विशेषतः उन्हाळ्यात. याने फाटणार नाही का?

निवृत्त_डेअरीवाला

कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. दूध आणि आलं एकत्र कोमट असताना ते कामाला लागतं. आलं आधी पाण्यात घालून खळखळ उकळू द्या, एन्झाइम मरतं, मग दूध घाला. हा नियम कुठल्याही दुधाला लागू. उन्हाळ्यात फाटतं ते बहुतेक दूध आधीच थोडं आंबूस झालेलं असतं म्हणून, तिथे आलं फक्त निमित्त.

इव्हॅपोरेटेड मिल्क त्या मानाने पक्कं असतं. आटवण्याआधीच दूध एकदा कडक तापवतात. त्यामुळे दह्याच्या निवळीत उतरतात ती प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, जाऊन चिकटतात. वर थोडं फॉस्फेट घालतात, ते केसीनला सांभाळून ठेवतं. हे सगळं कशासाठी, तर डबा शिजताना आतल्या आत दूध फाटू नये म्हणून. त्याचा फायदा आपल्या कढईत आयता मिळतो.

शेफाली_नव्हे_शेफ

याच कारणासाठी मी हे गोडापेक्षा तिखटमिठातच जास्त वापरते. कॅनडात आहे. टोमॅटो सूपमध्ये शेवटी पाव कप, उकळी बंद करून. फाटत नाही. (लिंबू पिळलंत तर याचंही होईल, चमत्काराची अपेक्षा नको.) काजूच्या ग्रेव्हीत क्रीमच्या जागी. क्रीममध्ये स्निग्ध पंचवीस टक्के आणि वर, यात सात-आठ, त्यामुळे कोफ्ता करी खाऊन दुपारी आडवं व्हावं लागत नाही. बेक्ड व्हेजिटेबलच्या व्हाइट सॉसला अर्धं साधं दूध, अर्धं हे. मैदा निम्मा लागतो आणि कणकेचा कच्चा वास येत नाही.

मुलांसाठी मॅक अँड चीज (चीज सॉसमधली मॅकरोनी), त्याचा सॉस: २२५ ग्रॅम किसलेलं चेडार एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून घ्यायचं, एक डबा दूध, मंद आच, हलवत राहायचं. पाच मिनिटांत रेशमासारखा सॉस. साध्या दुधात हेच केलं तर चेडारचं तेल वेगळं आणि रबर वेगळं.

ताकातली_भाकरी

आमच्याकडे चेडार म्हणजे अमूलचा चौकोनी डबा. त्याने होईल?

शेफाली_नव्हे_शेफ

होईल, आणि त्याला इव्हॅपोरेटेडची गरजही नाही. ते प्रोसेस्ड चीज असतं, त्यात तेल-पाणी धरून ठेवणारे क्षार आधीच घातलेले असतात. साध्या दुधातही फुटत नाही. डबा वाचवा.

शेंडेफळ

एक प्रश्न. हा डबा तसाच पाण्यात तीन तास उकळला की कॅरॅमल होतं ना? रीलमध्ये पाहिलं.

जर्सीकर

थांबा थांबा! तो कन्डेन्स्डचा डबा. त्यातल्या साखरेमुळे ते दाट तपकिरी होतं. हा उकळून फक्त गरम दूध मिळेल. आणि कन्डेन्स्डचाही डबा उकळायचा तर तो पूर्ण वेळ पाण्यात बुडालेला हवा, पाणी आटलं तर फुटतो. छताला कॅरॅमल. त्यापेक्षा बरणीत काढून कुकरमध्ये करतात ते बरं.

निरागस

उपवासाला चालेल का? आई विचारतेय.

घाटमाथा

आला. कुठल्याही पाककृतीच्या धाग्यावर हा प्रश्न यायला किती प्रतिसाद लागतात याची पैज लावायला हवी होती.

निवृत्त_डेअरीवाला

आईंना डब्यामागचं वाचून दाखवा. दूध, फॉस्फेट, बऱ्याचदा कॅरागीनन, जीवनसत्त्व ड. कॅरागीनन समुद्री शेवाळातून काढतात. ड जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनवलेलं असतं. आता ठरवा. माझ्या आईने पहिल्या शब्दालाच नको म्हटलं असतं.

वाचताना आणखी एक पाहा. 'फिल्ड' किंवा 'क्रीमर' असा शब्द असेल तर त्यात लोणी काढून पामतेल घातलेलं आहे. आखातात आणि पूर्वेकडे असे डबे भरपूर असतात, दिसायला हुबेहूब, किंमत कमी. चहाला चालतात, पण बासुंदी केली तर टाळूला तेलकट थर बसतो.

सिंगापुरी_मावशी

अगदी! इथे निम्म्या शेल्फवर 'क्रीमर'च. चष्मा लावून वाचावं लागतं.

आमच्या कोपिटियममध्ये, म्हणजे इथल्या चहा-कॉफीच्या दुकानात, दुधावरूनच ऑर्डर ठरते. नुसतं 'कोपी' म्हटलं की कन्डेन्स्ड मिल्क घालून. 'कोपी-सी' म्हणजे इव्हॅपोरेटेड आणि साखर. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची. साखर नको तर पुढे 'कोसोंग' जोडायचं. चहालाही तसंच, 'ते', 'ते-सी', 'ते-ओ'. डायबेटिसवाल्या आमच्या ह्यांची रोजची ऑर्डर 'ते-सी कोसोंग', आणि काउंटरवरचा माणूस यांना बघूनच ओरडतो.

पाचवीची_बाई

म्हणजे डायबेटिसला बिनधास्त?

सिंगापुरी_मावशी

बिनधास्त नाही गं. घातलेली साखर नाही एवढंच. दुधातली स्वतःची साखर आटून दुप्पट झालेली असते, शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम. चहाला एक मोठा चमचा लागतो, त्यात दीड ग्रॅम. तेवढ्याने काही होत नाही. पण वाटीभर खीर केली तर हिशोब धरावाच लागतो. आणि ज्यांना दूधच पचत नाही, पोट फुगतं, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, त्यांना हे डबल त्रास देतं.

शेंडेफळ

ताईचं बाळ सात महिन्यांचं आहे. दूध पावडरऐवजी पाणी घालून हे देता येईल का? प्रवासाला सोपं पडेल.

निवृत्त_डेअरीवाला

नाही. डब्यावरही तसं लिहिलेलं असतं. गेल्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत डॉक्टरच इव्हॅपोरेटेड मिल्क, पाणी आणि कॉर्न सिरप यांचं मिश्रण बाळांना लिहून देत, हे खरं. पण त्यात लोह आणि इतर गोष्टी कमी पडतात म्हणूनच आजची बाळांची पावडर आली. ताईंना बालरोगतज्ज्ञांना विचारायला सांगा.

काळाघोडा

डेअरीवाले काका, हा उद्योग सुरू कोणी केला? बॉर्डन का?

निवृत्त_डेअरीवाला

बॉर्डन साखरवाल्या दुधाचा. गेल बॉर्डन, अमेरिकन, १८५६ चं पेटंट. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याला त्याचं दूध गेलं आणि धंदा उभा राहिला.

बिनसाखरेचं दूध मायेनबर्ग नावाच्या स्विस माणसाचं. स्वित्झर्लंडमध्ये काम नावाच्या गावी, हो, गावाचं नाव खरंच तसं ऐकू येतं, अँग्लो-स्विस कंपनीचा कन्डेन्स्ड मिल्कचा कारखाना होता. हा तिथे कामाला. त्याचं म्हणणं, साखर कशाला, डबाच दाबाखाली वाफवू या. कंपनीला त्यात रस नव्हता, साखरेचं दूध मस्त खपत होतं. तो उठून अमेरिकेला गेला, इलिनॉयमधल्या हायलँडला. तिथे स्विस लोकांची वस्ती होती. १८८५ मध्ये तिथे हेल्व्हेशिया कंपनी निघाली. पुढे १८९९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात केंट गावी कार्नेशन सुरू झाली, तिथेही सुरुवातीला हाच माणूस शिकवायला होता. आणि ज्या अँग्लो-स्विसने नको म्हटलं ती १९०५ मध्ये नेसलेत विलीन झाली. नेसले आज जगभर इव्हॅपोरेटेड मिल्क विकते.

आता आपल्याकडे हे का रुजलं नाही? एक तर म्हशीचं दूध. ते आटवून ११५ अंशांना नेलं की फाटायला बघतं, गायीच्या दुधाइतकं टिकत नाही. पन्नासच्या दशकात म्हशीच्या दुधाची पावडरसुद्धा होणार नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. आणंदला अमूलच्या दलाया साहेबांनी ती करून दाखवली, १९५५ मध्ये कारखाना सुरू झाला. मग पावडर आणि मिल्कमेडचा जमाना आला. मधल्या या डब्याला जागाच उरली नाही. दुसरं कारण साधं आहे. आपल्याकडे रोज सकाळी दारात दूध येतं आणि आटवायला घरात माणूस असतं. किंवा असायचं.

घाटमाथा

शेवटचं वाक्य लागलं. आमच्याकडे आता 'माणूस' मीच आहे. विचारतो मग: डबा न आणता घरी करायचं तर किती आटवायचं?

निवृत्त_डेअरीवाला

काका, आलात लायनीवर. 😀

डब्यात घनपदार्थ साधारण २५ टक्के असतात. पिशवीवरचं फुल क्रीम दूध म्हणजे ६ टक्के स्निग्ध आणि ९ टक्के इतर, एकूण १५. त्यामुळे एक किलो दूध ६०० ग्रॅमवर आणायचं. टोन्ड दुधात ३ आणि साडेआठ, म्हणजे साडेअकरा. ते ४६० ग्रॅमपर्यंत खाली न्यावं लागेल. सगळीकडे 'साठ टक्के आटवा' लिहिलेलं असतं ते गायीच्या दुधाच्या हिशोबाने. फुल क्रीम तेवढं आटवलंत तर ते रबडीच्या रस्त्याला लागेल. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. रिकामं पातेलं आधी वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहून ठेवा, मग अधूनमधून उचलून वजन बघा.

कंटाळा असेल तर १०० ग्रॅम फुल क्रीम मिल्क पावडर, ३०० ग्रॅम कोमट पाणी. आधी थोड्या पाण्यात पेस्ट, मग बाकीचं. गाळून घ्या. पाकिटावर 'डेअरी व्हाइटनर' असेल तर त्यात बऱ्याचदा साखर असते, तिखटाच्या पदार्थाला ते नको. दोन्हीत डब्याची खरपूस चव येणार नाही आणि आंबट पदार्थात डब्याइतका टिकावही नाही. फ्रिजमध्ये दोन दिवस, बास.

काळाघोडा

ट्रेस लेचेस, म्हणजे दुधात भिजवलेला केक, त्यासाठी हेच करतो मी. मुंबईत प्रत्येक बेकरीत आता रसमलाई ट्रेस लेचेस मिळतो, पण मूळचा लॅटिन अमेरिकेतला. तीन दुधं: इव्हॅपोरेटेड, कन्डेन्स्ड आणि क्रीम. कन्डेन्स्ड गोडी देतं, क्रीम जडपणा, आणि ही दोन्ही स्पंजच्या आत उतरतील इतकी पातळ ठेवायचं काम इव्हॅपोरेटेडचं. साधं दूध घातलं तर केक पाणचट, नुसतं क्रीम घातलं तर वरच बसून राहतं. आटवलेलं दूध पूर्ण गार करून वापरतो. केकला काट्याने भोसकून, दूध तीन हप्त्यांत ओतायचं, प्रत्येक हप्ता जिरू द्यायचा. स्पंज अंड्यावर फुलवलेला, बिनलोण्याचा हवा. लोण्याचा केक दूध पीत नाही.

जर्सीकर

कुल्फी राहिलीच! गॅस न पेटवता होते. एक डबा हे, पाऊण डबा कन्डेन्स्ड, एक कप हेवी क्रीम, केशर, वेलची, पिस्त्याची भरड. फेटू नका, हवा भरली की आइस्क्रीम होतं. साच्यात रात्रभर. पाणी कमी म्हणून बर्फाचे खडे होत नाहीत. कृष्णाकाठच्या परवानगीने याला कुल्फी म्हणतोय.

कृष्णाकाठ

कुल्फीत साय नसते, त्यामुळे परवानगी आहे.

पाचवीची_बाई

वाचनखूण साठवली. पनीर, दही होतं का याचं? म्हणजे डबा उरला तर.

निवृत्त_डेअरीवाला

समान पाणी घालून कोमट करून विरजलं तर दही लागतं. मऊ असतं, रंग पिवळट, वास शिजकट. कढीला खपून जाईल. पनीरच्या नादी लागू नका, प्रथिनं आधीच एकमेकांना चिकटलेली असल्याने नीट गोळा बसत नाही, पिठूळ होतं. फ्रीझरमध्येही टाकू नका, वितळल्यावर रवाळ होतं. उरलेलं संपवायचं तर शेवयाची खीर. साधं दूध निम्मं, हे निम्मं, दहा मिनिटांत होते आणि आटवल्यासारखी लागते.

ताकातली_भाकरी

सगळ्यांचे आभार. काल 'कडक' केला. सासूबाईंनी दुसरा कप मागितला, मिल्कमेडचा विषय निघाला नाही. रविवारी कुल्फी.

एकच राहिलं. डब्यांपैकी एक बॅगेत दाबला गेलाय, बाजूला पोचा आहे. आणि दुसऱ्याचं झाकण मधून जरा वर आल्यासारखं वाटतंय, बोटाने दाबलं की टक्‌ करून खाली जातं. तारीख पुढच्या वर्षीची आहे. दोन्ही वापरू ना?

निवृत्त_डेअरीवाला

पोचा पत्र्याच्या मध्ये असेल आणि शिवण शाबूत असेल तर चालेल, तोच आधी संपवा. शिवणीवर पोचा असेल तर नको.

झाकण वर आलेला डबा उघडूही नका. आत वायू झालाय. तारीख बघायची नाही, चाखून तर मुळीच बघायचं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात.

घाटमाथा

आणि पिशवीवर लिहा हो काय आहे ते. आमच्या इथे कचरा वेचणाऱ्या बायका सीलबंद डबा दिसला तर घरी नेतात.